आजोबा लवकर का दमतात?

हिवाळ्यात संध्याकाळी महबूलाच्या समुद्राकाठी फिरायला किती छान वाटतं! समजा, तुमचे आजोबा भारतातून आले आहेत. त्यांना किडनीचा जुना आजार आहे. दोन इमारती ओलांडल्या की ते थांबतात आणि म्हणतात, “दमलो रे बाळा.” तुम्हाला वाटेल, वय झालं. पण कारण रक्तातही असू शकतं.

किडनी म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडं रक्त गाळतात. शिवाय ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवतात. त्यामुळे हाडांच्या आतल्या मगजाला निरोप मिळतो, “तांबड्या पेशी तयार करा.” मूत्रपिंडं आजारी पडली की हा निरोप कमी जातो. त्यात लोह कमी असेल, तर हिमोग्लोबिनही कमी बनतं. मग शरीराला प्राणवायू पुरत नाही आणि दम लागतो.

मग आजोबांना भरपूर खजूर आणि पालक द्यायचा का? थांबा! दोन्हींत पोटॅशियम खूप असतं. किडनी बिघडलेली असेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. शिवाय या आजारात हेपसिडिन नावाचा पदार्थ वाढतो. तो खाल्लेलं लोह रक्तात येऊ देत नाही आणि शरीरात साठलेलं लोहही अडवतो. कोठार भरलेलं, पण दाराला कुलूप! म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात. मग गरजेप्रमाणे गोळ्या देतात किंवा सलाईनसारखं शिरेतून लोह देतात.

चालण्याची ताकद मोजायची एक सोपी चाचणी आहे. ३० मीटरच्या सपाट वाटेवर ६ मिनिटं ये-जा करायची आणि अंतर मोजायचं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात हीच चाचणी वापरली. त्या किडनीच्या रुग्णांचं लोह कमी होतं, पण हिमोग्लोबिन ठीक होतं. काहींना शिरेतून लोह दिलं, काहींना नुसतं सलाईन. ४ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या चालण्यात ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे लोह निरुपयोगी आहे का? नाही. लोहाअभावी रक्तक्षय झाला असेल, तर ते लागतंच. पण लोह ही जादू नाही. आजारात स्नायूही अशक्त होतात. त्यासाठी डॉक्टरांना विचारून रोज थोडं चालायला हवं.

तेव्हा आजोबा थांबले, तर “चला ना लवकर!” म्हणू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, “आजोबा, तुम्ही लोह तपासलंय का?”

शब्दार्थ
संप्रेरक – शरीरात निरोप पोचवणारा पदार्थ
कोठार – धान्य साठवायची जागा
रक्तक्षय – रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं

उत्तरं लिहा
१. ‘दाराला कुलूप’ असं का म्हटलं आहे?
२. आजोबांना न विचारता खजूर का देऊ नये?
३. घरच्या मोठ्यांना विचारा: तुम्ही न थांबता किती चालता? उत्तर पाच वाक्यांत लिहा.