नदीचा मासा नदीस परत : महाशीरचे बीज आणि गावाचे कर्तव्य

मृगाचा पाऊस पडून ओढ्यानाल्यांस लोंढा आला, की नदीतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. त्यांस आपण चढणीचे मासे म्हणतो. ते पकडणे फार सोपे असते. म्हणून त्या दिवसांत गावोगाव जाळी लागतात. परंतु वर चढणारी मादी अंडी घालण्यासाठी निघालेली असते. ती पकडली म्हणजे एक मासा गेला असे नव्हे, तर पुढील पिढीच गेली. अशाने ज्या माशांची संख्या घटली, त्यांत महाशीर हा प्रमुख होय.

महाशीरची ओळख

दख्खनच्या नद्यांतील महाशीर निळसर परांमुळे ओळखला जातो. त्याचे खवले मोठे व ओठ जाड असतात. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठेतील माशावरून त्याचे 'खुद्री' हे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले. त्यास स्वच्छ, वाहते व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. उन्हाळ्यात तो खोल डोहांत राहतो आणि पावसाळ्यात खडे-वाळूच्या तळावर अंडी घालतो. धरणांनी त्याची वाट अडली, वाळूउपशाने अंड्यांची जागा गेली, सांडपाण्याने पाणी नासले. आणि सुरुंगाची दारू व विष यांनी डोहच्या डोह रिकामे केले.

उबवणी केंद्रात काय करतात ?

लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या तलावकाठी १९७० नंतर महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी या माशाच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास करून १९७१ साली तो प्रसिद्ध केला. तेथे रूढ झालेली रीत थोडक्यात अशी आहे :

पावसाळ्यात परिपक्व नर-माद्या काळजीपूर्वक पकडतात. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात घेतात व त्यांवर नराचे वीर्य सोडतात. पक्ष्याच्या पिसाने दोन्ही मिसळून मग पाणी घालतात. फलित अंडी धुऊन उथळ तबकांत एका थरात पसरतात व त्यांवरून मंद पाणी सतत वाहते ठेवतात. बुरशी आलेली पांढरी अंडी रोज काढून टाकावी लागतात, नाहीतर शेजारची अंडीही नासतात.

रोहू-कटल्याची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. महाशीरच्या अंड्यांस सुमारे तीन दिवस लागतात, आणि पुढेही कित्येक दिवस पिलू तळाशी अंधाऱ्या कोपऱ्यात पडून पोटाखालील पिवळ्या बलकावर जगते. शिवाय वजनाच्या मानाने महाशीरची अंडी रोहूपेक्षा फारच थोडी असतात. म्हणून येथे प्रत्येक अंडे मोलाचे. पिलू पोहू लागल्यावर त्यास बारीक खाद्य देऊन बोटाएवढे होईपर्यंत वाढवितात. यासच आपण बोटुकली म्हणतो.

कावेरीचा धडा

बीज तयार झाले म्हणजे काम संपले असे समजणे चूक ठरेल. लोणावळ्याचे बीज दूरदूर गेले. कर्नाटकात कावेरी नदीतही ते सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता. परंतु कावेरीचा स्वतःचा एक महाशीर आहे. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो व तो फार मोठा होतो. १९९८ ते २०१२ या काळात गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बाहेरून आणलेला निळ्या पराचा महाशीर वाढत गेला व कावेरीच्या मूळ महाशीरची लहान पिढी जवळजवळ दिसेनाशी झाली, असे आढळले. या मूळ माशाची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली. त्याच वर्षी जगातील अतिसंकटग्रस्त जातींत त्याची गणना झाली.

यातून एकच बोध घ्यावयाचा : ज्या नदीचा मासा, त्याच नदीचे बीज. गावरान बियाणे आपण जसे जपतो, तसेच प्रत्येक खोऱ्यातील माशाचे वाण जपले पाहिजे. कृष्णेच्या खोऱ्यात सोडावयाचे बीज कृष्णेच्या खोऱ्यातील प्रजनकांचेच असावे. प्रजनकही पुष्कळ असावेत. दरवर्षी त्याच दोन-चार जोड्यांपासून बीज घेतल्यास वाण दुबळे होते.

गावाने काय करावे ?

१. बीज सोडण्यापूर्वी नदी पाहावी. जेथे उन्हाळ्यातही खोल व स्वच्छ पाणी टिकते असा डोह निवडावा. सांडपाण्याच्या प्रवाहात बोटुकली सोडणे म्हणजे खडकावर पेरणी करणे होय.

२. तो डोह राखीव ठरवावा. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड येथे देवीचे म्हणून डोहातील महाशीर कोणी मारीत नाही. त्यामुळे ते तेथे टिकले आहेत. इतर गावांनी ग्रामसभेच्या ठरावाने हेच साधावे.

३. चढणीच्या दिवसांत ओढ्यांच्या मुखाशी जाळी लावू नयेत.

४. स्फोटके व विष यांनी मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. असे कोणी करीत असल्यास ताबडतोब कळवावे.

५. तिलापिया, आफ्रिकन मागूर यांसारखे परके मासे नदीत सोडू नयेत. शेततळे फुटून ते नदीत जाणार नाहीत याचीही दक्षता घ्यावी.

६. बोटुकली सकाळी किंवा सायंकाळी सोडावी. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे नदीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग तीत नदीचे पाणी थोडे थोडे मिसळावे व मासे आपण होऊन बाहेर जाऊ द्यावेत.

७. ग्रामसेवकांनी बीज कोठून आले, केव्हा, कोठे व किती सोडले याची नोंदवही ठेवावी. पुढील वर्षी जाळ्यात सापडलेल्या महाशीरची लांबी लिहून त्यास परत सोडावे. सोडलेल्यांपैकी किती जगले हे यावरूनच अजमावता येईल.

उबवणी केंद्र हे रोपवाटिकेसारखे आहे. रोप तेथे मिळेल, पण शेत आपणच तयार ठेवले पाहिजे. ज्या वर्षी चढणीचा महाशीर बाहेरच्या बीजावाचून आपल्या ओढ्यात अंडी घालील, त्या वर्षी हे काम सफल झाले असे म्हणता येईल. त्या दिवशी त्याच्या वाटेत आपले जाळे नसावे, एवढे तरी प्रत्येक गावाच्या हाती आहे.