‘कुरसुरा’ : वाळूवर विसावलेली पाणबुडी

पाणबुडी म्हणजे बुडालेले जहाज नव्हे; हवे तेव्हा बुडणारे आणि हवे तेव्हा वर येणारे जहाज होय. ही व्याख्या पुस्तकात वाचली होती. तिचा अर्थ मात्र सहलीत विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ पाहिली तेव्हा मनावर ठसला.

सोव्हिएत रशियात बांधलेली ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिने अरबी समुद्रात गस्त घातली. २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली व २००२ साली तिचे संग्रहालय झाले. तिची लांबी सुमारे ९१ मीटर आहे.

ती बुडते कशी? आडात सोडलेली रिकामी घागर आधी तरंगते. पाणी भरले की खाली जाते. पाणबुडीच्या दोन कवचांमध्ये टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती खाली जाते आणि दाबलेल्या हवेने तेच पाणी बाहेर ढकलले की वर येते. घागरीला दोर लागतो. पाणबुडीचा दोर म्हणजे ही हवा.

पाण्यावर डिझेल इंजिने चालतात. खाली त्यांना हवा मिळत नाही, म्हणून तेथे बॅटरीवर विजेच्या मोटारी चालतात. बॅटरी भरण्यासाठी पुन्हा वर यावे लागते, निदान हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढावी लागते. नेमका तेव्हाच शत्रूच्या नजरेस पडण्याचा धोका असतो.

आत सात कप्पे आहेत. एकातून दुसऱ्यात लहानशा गोल दारातून वाकून जावे लागते. टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा व मागे चार. एवढ्या जागेत सुमारे ७५ माणसे राहत. गोडे पाणी मोजून वापरावे लागे. अंघोळ ही चैनच. चहूकडे समुद्र आणि तांब्याभर पाण्याची काटकसर! माण तालुक्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या गोल दारांचे प्रयोजन कळले तेव्हा मात्र मी गप्प झालो. एका कप्प्यात पाणी शिरले तर दार घट्ट लावून बाकीचे कप्पे वाचवायचे. आतल्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्याच महिन्याच्या आरंभी पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ सर्व माणसांसह तळाला गेली. समुद्राने दोन्हीकडच्या आयांची मुले सारखीच पोटात घेतली.

मुंबईत काही वर्षे संग्रहालय असलेली ‘विक्रांत’ आपण राखू शकलो नाही; २०१४ साली ती भंगारात गेली. ‘कुरसुरा’ उरली आहे. विजयाची तारीख पुस्तकात मिळते. त्या विजयासाठी माणसे किती अरुंद जागेत जगली, हे त्या दारातून वाकून गेल्यावरच कळते. म्हणून अशी जहाजे जपली पाहिजेत.