एकत्र बिलातून वेगवेगळा भाव कसा काढायचा?



आपल्या बऱ्याच गटांचा माल दुकानदाराकडे एकत्रच जातो. पापड, चटणी, मसाला सगळं मिळून, आणि बिलही एकच. खाली फक्त एकूण रक्कम. कुठल्या वस्तूला काय भाव लावला, ते चिठ्ठीवर नसतं. पैसे आले, वहीत जमा झाले, विषय संपला. पण मग कोणती वस्तू कमावते आणि कोणती नुकसानीत जाते, हे कळत नाही.

ते शोधायची रीत दहावीच्या गणिताच्या पहिल्याच धड्यात आहे. धड्याचं नाव ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. नावाला घाबरू नका. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येतो ना? मग हेही येईल. वही-पेन घेऊन बसा.

आपलं उदाहरण

समजा, एका गटाने दुकानदाराला दोनदा माल दिला.

पहिलं बिल: ४ किलो पापड आणि ३ किलो चटणी, एकूण २०८० रुपये.
दुसरं बिल: ६ किलो पापड आणि २ किलो चटणी, एकूण २३२० रुपये.

दोन्ही वेळा भाव तोच होता. मग पापडाचा भाव किती आणि चटणीचा किती?

पायरी १: नाव द्या. जे माहीत नाही त्याला एक अक्षर द्यायचं. एक किलो पापडाचा भाव ‘प’, एक किलो चटणीचा भाव ‘च’. शाळेत एक्स आणि वाय म्हणतात, पण अक्षर कुठलंही चालतं. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या बीजगणितात तर अशा अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, अशी रंगांची नावं आहेत.

पायरी २: बिल थोडक्यात मांडा.

४प + ३च = २०८०
६प + २च = २३२०

पायरी ३: एक वस्तू दोन्हीकडे सारखी करा. आपण चटणी सारखी करू. पहिल्या बिलात ३ किलो, दुसऱ्यात २ किलो. दोन्हीकडे ६ किलो करायची, म्हणून पहिलं बिल दुप्पट आणि दुसरं तिप्पट करा. लक्षात ठेवा, पीठ दुप्पट घेतलं की मीठ-पाणीही दुप्पट लागतं. तसंच इथे पापड, चटणी आणि रक्कम, तिन्हींना गुणायचं. एकही सोडायचं नाही.

८प + ६च = ४१६०
१८प + ६च = ६९६०

पायरी ४: मोठ्यातून लहान वजा करा. चटणीतून चटणी गेली, शून्य उरलं. राहिलं एवढंच:

१०प = २८००

म्हणजे प = २८०. पापडाचा भाव २८० रुपये किलो.

पायरी ५: दुसरा भाव काढा. पहिल्या बिलात ४ किलो पापडाचे ११२० रुपये झाले. २०८० मधून ११२० गेले, उरले ९६०. ते ३ किलो चटणीचे. म्हणून च = ३२०.

पायरी ६: ताळा घ्या. दुसऱ्या बिलात हे भाव घालून बघा. १६८० अधिक ६४० बरोबर २३२०. जुळलं! ताळा घेतल्याशिवाय वही मिटायची नाही.

आता खरी गोष्ट

या गटाला डाळ, पापडखार, हिंग, पाकीट आणि मजुरी धरून पापड किलोला २८५ रुपयांत पडतो आणि चटणी २४० रुपयांत. म्हणजे पापडात किलोमागे ५ रुपये तोटा आणि चटणीत ८० रुपये नफा.

पहिल्या बिलात खर्च जाऊन २२० रुपये उरले. दुसऱ्या बिलात माल एक किलोने जास्त गेला, बिलही २४० रुपयांनी वाढलं, पण उरले फक्त १३०. पापड लाटून हात दुखले आणि नफा घटला! नुसती एकूण रक्कम बघितली असती तर ‘विक्री वाढली’ म्हणून आपण खूश झालो असतो. आता गटाला दुकानदाराशी पापडाच्या भावाबद्दल बोलता येतं किंवा चटणी जास्त पाठवायचं ठरवता येतं. हातात आकडा असला की बोलायला बळ येतं.

कुठे जपायचं?

• दुसरं बिल पहिल्याच्या बरोबर दुप्पट असेल, म्हणजे ८ किलो पापड, ६ किलो चटणी आणि ४१६० रुपये, तर त्यातून नवीन काहीच कळत नाही. वजाबाकी केली की शून्य उरतं. वेगळ्या प्रमाणातलं बिल घ्या.

• माल दुप्पट, पण रक्कम ४००० आली, तर दोन्ही बिलं एका भावाची असूच शकत नाहीत. भाव बदलला असेल, गाडीभाडं कापलं असेल किंवा बेरीज चुकली असेल. भांडायचं नाही, पण विचारायचं.

• अज्ञात वस्तू दोन तर वेगवेगळी बिलं दोन लागतात. वस्तू तीन झाल्या की बिलंही तीन हवीत.

घरी सोडवा

गटाच्या पेटीत १०० आणि ५० रुपयांच्या मिळून ३१ नोटा आहेत. रक्कम २३५० रुपये. कोणत्या किती? (उत्तर: १०० च्या १६, ५० च्या १५.)

पुढच्या बैठकीला आपल्या गटाची दोन जुनी बिलं घेऊन या आणि सगळ्याजणी मिळून भाव काढा. घरात दहावीची मुलं असतील तर त्यांनाही बसवा. त्यांचाही अभ्यास होईल.