अधिक एक, उणे एक

मोहोपाडा, रसायनी

चि. सोनूस,


तुझा पायथनमधला प्रोग्रॅम पाहिला. चालतो, पण जागोजागी 'अधिक एक' आणि 'उणे एक' पेरलेले दिसले. उत्तर जुळेना म्हणून एक वाढवून बघितलास, जुळलं तशी पुढे गेलीस, असंच ना? ही खोड आत्ताच मोड. इंडेक्स म्हणजे अनुक्रमांक, हे डोक्यातून काढून टाक. सुरुवातीपासून किती पुढे, एवढंच तो सांगतो.

तू पेणहून ज्या लाइनने येतेस तिचीच लिस्ट घे:

स्थानके = ['पनवेल', 'सोमाटणे', 'रसायनी', 'आपटा', 'जिते', 'हमरापूर', 'पेण']

पनवेललाच बसून राहिलीस तर एकही स्टेशन पुढे गेली नाहीस, म्हणून पनवेल ०. रसायनी २, पेण ६. (व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच टाइप कर, नाहीतर सिंटॅक्स एरर. इथे मराठीत लिहितोय ते पत्र आहे म्हणून.)

आता स्थानके[२:६], म्हणजे लिस्टचा तुकडा, स्लाइस. यात पेण आलं नाही म्हणून तू वैतागलीस. येणारच नाही, पहिला आकडा धरायचा, शेवटचा सोडायचा. आधी विचित्र वाटतं, पण ६ वजा २ म्हणजे ४, आणि हाती आलेली स्टेशनंही चारच: रसायनी, आपटा, जिते, हमरापूर. शिवाय [:२] आणि [२:] एकमेकांना जोडले की मूळ लिस्ट जशीच्या तशी मिळते. रसायनी दोनदा येत नाही, गळतही नाही. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८२मध्ये मोजणी शून्यापासून का करावी यावर एक छोटं टिपण लिहिलं, त्यात हाच मुद्दा आहे. मिळालं तर जरूर वाच.

स्थानके[७] मागितलंस तर पायथन लगेच 'इंडेक्स एरर' म्हणून ओरडतो. स्थानके[५:१००] मागितलंस तर मात्र हमरापूर आणि पेण मुकाट्याने हातात ठेवतो. मला विचारशील तर ओरडणारी चूक परवडली. स्लाइस रिकामी किंवा अपुरी आली तरी प्रोग्रॅम पुढे चालत राहतो आणि घोटाळा भलतीकडेच दिसतो.

उलटीकडून मोजायला उणे आकडे: [-१] म्हणजे पेण, [-३:] म्हणजे जिते, हमरापूर, पेण. पण [-न:] असं लिहून 'न' कधी शून्य झाला, तर रिकाम्या लिस्टऐवजी अख्खी लिस्ट येते, कारण उणे शून्य म्हणजे शून्यच. 'न' शून्य होऊ शकत असेल तर ती तपासणी आधी कर. आणि लिस्टची स्लाइस म्हणजे नवी लिस्ट. तिच्यातलं नाव बदललंस तरी मूळ लिस्ट तशीच राहते. नुसतं ब = स्थानके केलंस तर ती एकच लिस्ट, नावं दोन.

स्ट्रिंगलाही हेच नियम, पण मराठीत एक मेख आहे. 'मोहोपाडा' आपण चार अक्षरं म्हणतो, पायथन आठ मोजतो: म, ओची मात्रा, ह, पुन्हा मात्रा, प, काना, ड, काना. त्यामुळे [०] मागितलं की 'मो' नाही, नुसता 'म' येतो. [::-१] करून उलटं केलंस तर सुरुवातीला एकटा काना लोंबकळतो आणि त्यामागे 'डापोहोम'. 'कर्जत'चं [:२] काढलंस तर 'कर' उरतं, रफार गायब. यात पायथनची चूक नाही. युनिकोडमध्ये व्यंजन आणि त्याची मात्रा वेगवेगळी साठवलेली असते. नावांची आद्याक्षरं काढण्याचं जे काम तू हाती घेतलंयस, तिथे हे तुला नडणार. त्यासाठी पायथनसोबत येणारं 'आरई' पुरत नाही. 'रेगेक्स' नावाचं मॉड्यूल वेगळं बसवून घे, त्यात अख्खं अक्षर एकदम उचलायची सोय आहे. आधी अक्षरांची लिस्ट करून घे आणि स्लाइस त्या लिस्टची काढ.

तुझा,
मामा