गाडीतला पिवळा दिवा

समजा, नशिराबादहून जळगावला जाताना गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. घाबरू नका, पण डोळेझाकही करू नका.

दिवा लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेऊन थांबवा. तो स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश मिस्त्रीकडे न्या. मिस्त्री स्टेअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर जोडतो. स्कॅनरवर खूण उमटते. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही.

पण दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा? ते तपासूनच कळते. न तपासता भाग बदलला, तर पैसा जातो नि दिवा पुन्हा लागतो.

आता तुम्हांला वाचता येते ना? मग खूण स्वतः वाचा, वहीत लिहा. आधी नाडी, मग औषध!