बेताचे गुण, बेताचा पैसा आणि अमेरिकेतील विद्यापीठ

आपल्या सभासदांच्या घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलास अथवा मुलीस शिक्षणासाठी अमेरिकेस जावयाचे आहे; गुण मध्यम आहेत, दुकानाची मिळकतही मध्यम आहे; तरी जावे की न जावे, आणि जावे तर कोठे? आम्ही मॅट्रिकपलीकडे न शिकलेले, धान्याच्या पोत्यांत आयुष्य गेलेले गृहस्थ. या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच, की घरातील दोन मुलांच्या निमित्ताने हा हिशेब आम्ही दोनदा मांडला. एकदा तो चुकला, एकदा जमला.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तेथे बुद्धी असामान्य होती आणि पाठीशी संस्थान होते. आपल्या मुलांच्या पाठीशी आपली चोपडी आहे. तेव्हा ती तरी नीट वाचली पाहिजे.

प्रथम गुणांची भीती दूर करू. आमच्या नातवास एस.ए.टी. परीक्षेत १६०० पैकी १०८० गुण मिळाले, तेव्हा घरात सुतक असल्यासारखे वातावरण झाले होते. वस्तुतः ही परीक्षा देणाऱ्या सर्वांची सरासरी गेल्या काही वर्षांत १०२० ते १०६० च्या आसपास राहिली आहे. म्हणजे आपण ज्यास सामान्य म्हणतो ते तेथेही सामान्यच आहे, आणि सामान्यांसाठी त्या देशात शेकडो सरकारी विद्यापीठे आहेत. हार्वर्ड, येल अशा संस्था परदेशी मुलासही त्याच्या गरजेइतके साहाय्य देतात हे खरे. परंतु तो दरवाजा फार थोड्यांसाठी उघडतो. त्यावर बेत आखणे म्हणजे पाऊस पडण्यापूर्वी पीक विकणे.

२०१६ साली नातवासाठी आम्ही एका सल्लागाराकडे गेलो. तो फी घेत नव्हता, याचे आम्हांस कौतुक वाटले. एवढी वर्षे अडत पाहिलेल्या माणसाने विचारावयास हवे होते की, मग याचे पोट कोण भरते? कित्येक विद्यापीठे अशा मध्यस्थांस प्रत्येक विद्यार्थ्यामागे दलाली देतात. आपल्या बाजारात अडत पट्टीवर लिहिलेली असते; येथे ती दिसत नाही. त्याने एका महागड्या शहरातील नामांकित खासगी विद्यापीठाचे पत्र आणले. ‘मोठी शिष्यवृत्ती’ हे शब्द वाचून आम्ही पेढे वाटले. खालच्या बारीक ओळी कोणी वाचल्या नाहीत. ग्रेडची सरासरी साडेतीनच्या खाली गेल्यास शिष्यवृत्ती बंद, अशी ती अट होती. पहिल्या वर्षाअखेर मुलाची सरासरी तीन पूर्णांक दोन दशांश आली. आमच्या जिवाला घोर नको म्हणून त्याने ते चार महिने लपविले. पैसे वाचविण्यासाठी एकवेळ जेवून राहिला. तिसरे सत्र संपताच परत आला. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही, आणि तेच अधिक बोचते.

चूक कोठे झाली? आम्ही सवलत पाहिली, किंमत पाहिली नाही. माल कोठून कितीला घेतला यापेक्षा हमाली, वाहतूक, घट धरून तो दुकानात येऊन कितीला पडतो, हे आपण पाहतो. येथेही तसेच. समजा, एका ठिकाणी वार्षिक शिक्षणशुल्क ३८,००० डॉलर, त्यावर १८,००० ची शिष्यवृत्ती, आणि राहणे-जेवणे, विमा मिळून २२,०००. तर वर्षास ४२,००० पडले. दुसऱ्या ठिकाणी शुल्क १७,०००, सवलत शून्य, आणि लहान गावात बाकी खर्च १४,०००, तर ३१,०००. पेढे पहिल्या पत्रावर वाटले जातात, स्वस्त मात्र दुसरे आहे.

या आकड्यास चाराने गुणून थांबू नये. पदवी चार वर्षांची म्हणतात, पण पुष्कळ ठिकाणी अर्धी मुलेही चार वर्षांत बाहेर पडत नाहीत. तेथील सरकारी आकडेवारी सहा वर्षांत किती उत्तीर्ण झाले हे मोजते, यातच सर्व आले. सरकारच्या ‘कॉलेज नॅव्हिगेटर’ या संकेतस्थळावर चार वर्षांचा आणि सहा वर्षांचा असे दोन्ही आकडे मिळतात, पहिला पाहावा. तेथेच दिसणारी ‘नेट प्राइस’ मात्र आपली नव्हे. ती सरकारी साहाय्य घेणाऱ्या तेथील नागरिकांची आहे. शिवाय डॉलर स्थिर नाही. २०१४ साली तो साठ रुपयांच्या घरात होता, २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीच्या पुढे गेला. उत्पन्न रुपयांत आणि देणे डॉलरांत असणाऱ्याने दरवर्षी काही वाढ धरून चालावे.

जेवणाची एक गोष्ट आपल्या घरांस विशेष लागू आहे. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी वसतिगृह आणि भोजनालयाची वर्गणी सक्तीची असते. कांदा-बटाटा न खाणाऱ्या मुलाने ती भरून वर स्वतःचे जेवण निराळे करावयाचे, हा दुहेरी खर्च होय. सूट मिळते का, हे आधी पत्राने विचारावे; काही ठिकाणी मिळते.

आता नमुना कसा काढावा ते सांगतो. तेथील बहुतेक संस्था दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे एकाच नमुन्याचे विवरणपत्र भरतात आणि पुष्कळ संस्था ते प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘सी’ विभागात किती अर्ज आले, किती स्वीकारले आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्यांचे गुण कोणत्या दोन आकड्यांमध्ये होते, हे असते. आपल्या मुलाचे गुण त्या आकड्यांच्या आत असले की पुरे. त्याहून मोलाचे ‘एच’ विभागातील सहावे कलम : गतवर्षी किती परदेशी विद्यार्थ्यांस संस्थेने स्वतःच्या पैशातून साहाय्य दिले आणि सरासरी किती. तेथे शून्य असल्यास माहितीपत्रकातील गोड भाषेकडे लक्ष देऊ नये. हे कलम आम्हांस दाखविले ते त्या परत आलेल्या नातवानेच, धाकट्या बहिणीसाठी शोध करताना.

त्यानेच टेक्सासचा नियम शोधला. त्या राज्यातील सरकारी विद्यापीठात, स्पर्धेने मिळालेली किमान एक हजार डॉलरांची शिष्यवृत्ती असल्यास परदेशी विद्यार्थ्यासही रहिवाशाचे शुल्क लावता येते. रहिवासी व परका यांच्या शुल्कांत दर क्रेडिटमागे सुमारे चारशे डॉलरांचा फरक आहे. वर्षाचे तीस क्रेडिट धरल्यास बारा हजार. शिष्यवृत्ती हजाराची, लाभ तेरा हजारांचा! मात्र संस्थेच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी पाच टक्क्यांपुरतीच ही सवलत देता येते. म्हणून अर्ज लवकर करावा आणि पुढील वर्षी तीच शिष्यवृत्ती कोणत्या अटीवर मिळते, हे लेखी घ्यावे.

दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात जाण्याचा मार्गही आहे. तेथे एस.ए.टी. लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, रिव्हरसाइड आदी सहा शाखा अटी पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची हमीही देतात. पण तेथील पुढची दोन वर्षे परक्यास फार महाग पडतात. आमच्या मते दोन वर्षांनंतर ‘कॅलिफोर्निया स्टेट’ या दुसऱ्या सरकारी विद्यापीठसमूहात जाणे आपल्या खिशास अधिक मानवेल.

संस्था मान्यताप्राप्त आहे ना, हे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये धाड पडली, तेव्हा तेथील बहुसंख्य विद्यार्थी भारतीय, त्यांतही तेलुगू भाषिक होते. हैदराबादकर बंधूंस ते स्मरत असेल. व्हिसासाठी लागणारे आय-२० पत्र देण्याची परवानगी त्या संस्थेस होती. शैक्षणिक मान्यता नव्हती. मुलांच्या पायांत पाळतीची कडी अडकविली गेली.

नोकरीची मिळकत जमेस धरू नये. सत्र चालू असता आवारात आठवड्यास वीस तासच काम करता येते. पदवीनंतरच्या नोकरीचे तर नियम रातोरात फिरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क बसविण्याची घोषणा झाली, ती सर्वांनी वाचली आहे. पैसे पाठविताना एवढे ध्यानात असावे की, बँक आगाऊ कापून घेते त्या टी.सी.एस. कराची मर्यादा २०२५ च्या अर्थसंकल्पाने सात लाखांवरून दहा लाखांवर नेली, आणि मान्य संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवरील तो कर काढला.

नात टेक्सासमधील एका लहान गावाच्या सरकारी विद्यापीठात गेली. त्याचे नाव येथे कोणी ऐकलेले नाही, आणि लग्नकार्यांत ते सांगताना घरातील स्त्रियांस अजून थोडे अवघडते. मुंबईच्या वकिलातीत अधिकाऱ्याने तिला विचारले, हेच विद्यापीठ का? तिने चार वर्षांचा खर्च आणि तो कोठून येणार, हे तोंडपाठ सांगितले. सध्या ती तिसऱ्या वर्षात आहे. दर उन्हाळ्यात पुढील वर्षाच्या शुल्काचा आकडा ती कळविते, आणि तिचा भाऊ तो दुकानच्या चोपडीत मागील आकड्याखाली लिहून ठेवतो.