अबोल अकिता आणि लातूरचा उन्हाळा

प्रश्न : घरातील दीड वर्षाचा अकिता जातीचा कुत्रा पाहुण्यांजवळ जात नाही. तो बिघडला आहे का? उन्हाळ्यात त्याचे केस काढावेत का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : उत्तर जपानच्या बर्फाळ प्रदेशातील, १९३१ मध्ये तेथे संरक्षित नैसर्गिक वारसा ठरलेल्या या जातीत परक्यांविषयीची अलिप्तता स्वभावतःच असते, त्यामुळे आपण निश्चिंत असावे. त्याला पाहुण्यांकडे ओढू नये. मारहाण न करता, खाऊ देत, रोज थोडा वेळ शिकवावे. मात्र तो गुरगुरू वा चावू लागल्यास पशुवैद्यकांना दाखवावे.

केस मुळीच भादरू नयेत, कारण वरचे राठ केस त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात. आतली मऊ लव, म्हणजे थंडीसाठीचा थर, नियमित विंचरून काढावी. फिरवणे पहाटेच व्हावे, दुपारी कूलरजवळ गार फरशी मिळावी. जोरात धापा, लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे दिसताच साधे गार पाणी ओतत त्वरित दवाखाना गाठावा.